वूफरवरच्या रेघा

भित्रेपणात माझा हात धरणारा माणूस अख्ख्या डोंबिवली पूर्वेत सापडायचा नाही. मी लिफ्टला घाबरतो आणि लिफ्ट बंद पडली की अंधाऱ्या जिन्याला घाबरतो. बँकेतून फोन आला तर उभा राहून बोलतो. डॉक्टरांनी रिपोर्ट वाचताना भुवई जरा वर केली की मनातल्या मनात सगळ्यांचा निरोप घेऊन टाकतो. पण हे सगळे किरकोळ प्रकार झाले. बावन्नाव्या वर्षी, नोकरीसाठी तीन वर्षं जर्मनीला जायचं ठरलं तेव्हा, निघायच्या आधीच्या आठवड्यात मी एका वूफरला जेवढा घाबरलो तेवढा आयुष्यात कशालाच घाबरलो नाही. ही हकिकत माझी बायको चार माणसांत रंगवून सांगते आणि त्यात मला आहे त्याहून भित्रा करते. म्हणून म्हटलं, आपणच एकदा नीट लिहून ठेवावी.

वूफर घेण्याचं कारणसुद्धा भीतीच होतं. वागळे इस्टेटमधल्या कारखान्यात मी यंत्रांची देखभाल बघतो. ती यंत्रं मूळची जर्मनीची. कायमचं पाठवण्याआधी कंपनीने मला पंधरा दिवस तिकडे पाठवून बघितलं. तिथलं घर स्वच्छ, सुंदर, खिडकीत फुलं. आणि आवाज शून्य. आमच्या घरी सकाळी सहाला वरच्या मजल्यावरचा मिक्सर सुरू होतो, साडेसहाला समोरच्या इमारतीतले आजोबा खाकरतात, सातला तिन्ही मजल्यांचे कुकर एकमेकांना उत्तरं देतात. तिथे मी खुर्ची सरकवली तर तिच्या आवाजाने मीच दचकलो. रविवारी रिकाम्या बाटल्या बाहेरच्या पेटीत टाकायलाही मनाई, कारण खळकन आवाज होतो. तिसऱ्या दिवशी मी फ्रिजशी बोलायला लागलो. चौथ्या दिवशी तो मधूनच घुरघुरला तेव्हा मला बरं वाटलं की चला, कोणीतरी हुंकार तरी देतंय.

"मला एक आवाज पाहिजे," परत आल्यावर मी बायकोला म्हणालो. "घर भरून टाकेल असा."

"मी येतेच आहे की," ती म्हणाली.

तरी साउंडबार आणि वूफर घ्यायचं ठरलं. तिकडे सगळं महाग, इकडूनच घेऊन जा, असं सोसायटीतल्या ज्यांनी कधी पनवेलच्या पुढे पाऊल टाकलं नाही अशा सगळ्यांनी छातीठोकपणे सांगितलं होतं. रविवारी आम्ही दोघं ठाण्याला, नौपाड्यातल्या एका जुन्या दुकानात गेलो. आमचा पहिला रंगीत टीव्ही तिथलाच. मालक साठीचे, पांढरा सदरा, कानावर पेन. दुकानात एक पाटी होती, ती बायकोने मोठ्याने वाचली: "कुंकू लावलेला माल परत घेतला जाणार नाही."

"हे काय हो?"

"वहिनी, लोक घरी नेतात, हळदकुंकू लावतात, नारळ फोडतात, आणि चार दिवसांनी म्हणतात, रंग आवडला नाही, बदलून द्या. एकदा पूजा झाली की ती वस्तू त्या घरची. मी परत घेतली तर दुसऱ्याला कशी विकू?"

आम्ही दोघंही हसलो. या हसण्याची मला पुढे चांगली आठवण राहिली.

मालकांनी दुकानाचं काचेचं दार लावलं, दिवे मंद केले आणि म्हणाले, "आता घाबरू नका हं." हे वाक्य ऐकलं की मी घाबरायला सुरुवात करतो. पहिल्यांदा डाव्या बाजूने हेलिकॉप्टर आलं आणि माझ्या डोक्यावरून उजवीकडे गेलं. मग कुठेतरी काच फुटली. मग वीज कडाडली, आणि कोपऱ्यातला तो काळा, गॅसच्या शेगडीएवढा ठोकळा असा काही गरजला की माझी पँट गुडघ्याखाली हलली. मी काउंटर धरला.

"बंद करा हो," बायको म्हणाली. "ह्यांना बीपी आहे."

"हाच तो वूफर," मालक प्रेमाने म्हणाले. "जर्मनी ना? मग काही काळजी नाही. तिकडचा करंट आपल्यासारखाच, दोनशे तीस. फक्त पिन बदलून घ्या. तुम्ही अमेरिका म्हणाला असतात तर मी विकलाच नसता."

ज्या माणसाने अमेरिकेसाठी विकला नसता त्याच्याकडून घ्यायला काहीच हरकत नव्हती. साउंडबारचा लांब खोका डिकीत गेला, वूफरचा चौकोनी खोका माझ्या मांडीवर. शिळफाट्याच्या कोंडीत टॅक्सी दीड तास उभी होती. तेवढा वेळ मी त्याला मुंजीतल्या बटूला धरावं तसा मांडीवर धरून बसलो होतो.

घरी आई वाट बघत होती.

आई तेव्हा अठ्ठ्याहत्तर वर्षांची होती. आम्ही गेल्यावर ती कल्याणला माझ्या बहिणीकडे राहणार होती. बॅगेत तिने स्वतःच्या साड्या आमच्या आधी भरल्या होत्या. इतक्या महिन्यांत तिने एकदा म्हणावं ना, जाऊ नकोस? नाही. भांडण नाही, डोळ्याला पदर नाही. "जा, काम आहे तर जायलाच पाहिजे," एवढंच. ती रडली असती तर मला तिची समजूत काढता आली असती. ती रडत नव्हती म्हणून मला तिच्याकडे बघायची भीती वाटायची.

आमच्या घरात आलेली एकही वस्तू आईच्या हाताखालून गेल्याशिवाय चालू झालेली नाही. फ्रिज, मिक्सर, वॉशिंग मशीन, माझी स्कूटर, पहिला कॉम्प्युटर, पहिला मोबाइल. एकदा तर माझा चष्मा. ती अनामिका ओल्या कुंकवात बुडवते, स्वस्तिक काढते, चार घरांत चार ठिपके देते, अक्षता टाकते, आणि मग वस्तूला उद्देशून हळूच म्हणते, "नीट चाल गं बाई." उंबरठ्यावर रोज सकाळीही तेच. दोन वर्षांपासून तिचा हात थरथरतो. स्वस्तिकाची उभी रेघ पहिल्यासारखी उभी राहत नाही, मधेच वळते. सुनेने एकदा "मी काढते" म्हटलं, तर आई म्हणाली, "तू पोळ्या गोल कर आधी."

सोमवारी मी कामावरून आलो तर वूफर खोक्याबाहेर, पाटावर. समोर फोडलेला नारळ. आणि त्याच्या काळ्या माथ्यावर हाताच्या पंजाएवढं लालभडक स्वस्तिक. जरा वाकडं, पण ठसठशीत. मी कौतुकाने बोट लावलं. बोटाला काही लागलं नाही.

"आई, हे कुंकू नाही?"

"ऑइलपेंट आहे. दिवाळीला उंबरठ्यावर लक्ष्मीची पावलं काढतो ना, ती डबी." आई पाटाशेजारी बसून होती, प्रसन्न. "कुंकू काय, चार दिवसांत उडतं. तिकडे रोज लावणार कोण? ही?" तिने हनुवटीने सुनेकडे दाखवलं.

"मी कशाला?" बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. "तुमचा मुलगा लावेल की. तिकडे सगळे पुरुष घरकाम करतात."

"म्हणून म्हटलं, तीन वर्षं टिकलं पाहिजे," आई म्हणाली. "दोन हात दिलेत."

मला भरून आलं. मी तिला नमस्कार केला, वूफरलाही केला. इथपर्यंत सगळं छान होतं.

मंगळवारी संध्याकाळी कंपनीने आम्हा नवराबायकोला लॅपटॉपवर एक तासाचं शिक्षण ठेवलं होतं, तिकडे कसं वागावं याचं. शिकवणाऱ्या बाई कडक आणि गोड होत्या. रस्ता कुठे ओलांडायचा, कचरा कुठल्या रंगाच्या डब्यात टाकायचा, शेजाऱ्यांकडे न सांगता जायचं नाही. मी वहीत लिहून घेत होतो. मग त्या म्हणाल्या, भारतातून येणाऱ्यांना एक खास सूचना. तुमचं स्वस्तिक आणि त्यांच्या इतिहासातलं महायुद्धाच्या काळातलं ते चिन्ह दिसायला सारखं. त्या चिन्हाखाली तिकडे फार माणसं मारली गेली. ते चारचौघांत दाखवणं हा तिथे गुन्हा आहे, पण...

"पण"च्या पुढचं मला काही ऐकू आलं नाही. माझ्या कानात वूफर वाजत होता.

मी मान वळवली. हॉलच्या कोपऱ्यात, पाटावर, ते होतंच. दोन हात दिलेलं.

त्या रात्री मला झोप लागली नाही, हे सांगायला नकोच. डोळे मिटले की विमानतळ दिसायचा. उंच, गोरा अधिकारी खोका उघडतो. आतून थर्मोकोल निघतो, थर्मोकोलखालून आईचं स्वस्तिक. शिट्ट्या. धावाधाव. माझी नोकरी, आमचे व्हिसा, सगळं तिथेच जप्त. मग तुरुंग. आणि जर्मन तुरुंग म्हणजे तिथे शांतता किती असेल!

"ठेवून जाऊ या इथेच," सकाळी बायको म्हणाली.

"आईला काय सांगू?"

"खरं सांगा."

हेच तर जमणार नव्हतं. जर्मन पोलीस एका बाजूला आणि आई एका बाजूला, असं झालं तर मी पोलिसांकडे चालत जाईन. जिने आयुष्यभर रोज सकाळी उठून पहिल्यांदा तेवढं एकच चित्र काढलं, थरथरत्या हाताने काढलं, तिला कुठल्या तोंडाने सांगायचं की आई, तुझं हे जिथे मी जातोय तिथे गुन्हा आहे? जाऊ नकोस असं न म्हणता तिने मला जे काय द्यायचं ते त्या चार रेघांत दिलं होतं. ते ठेवून जायचं म्हणजे तिलाच मागे टाकून गेल्यासारखं. तसा मी तिला मागे टाकून चाललोच होतो. म्हणून तर ते उघडपणे करायची हिंमत नव्हती.

थोडक्यात, रंग काढायचा आणि आईला कळू द्यायचं नाही, असं ठरलं. म्हणजे मी ठरवलं. बायको म्हणाली, "माझं नाव कुठे घेऊ नका."

बुधवारी आई दुपारी भजनी मंडळात गेली. मी सुट्टीच काढली होती. बायकोची नेलपॉलिश काढायची बाटली घेतली, कान साफ करायच्या कापसाच्या काड्या घेतल्या, दाराला कडी लावली. देवघराचा पडदा ओढून घेतला, देवांनी बघू नये म्हणून. मी यंत्रांचा माणूस. कुठल्या रंगावर कुठलं द्रव्य चालतं हे मला कळायला हवं होतं. पण भीतीपुढे शिक्षण टिकत नाही. आजूबाजूला डाग पडू नये म्हणून मी काडीने अगदी बारकाईने, रेघेवरून रेघ गिरवत तो लाल रंग काढत गेलो. उभी, आडवी, मग चार पाय, मग चार ठिपके. वीस मिनिटांत सगळा लाल निघाला.

आणि त्याच्या खालचा काळा पापुद्राही निघाला. खालचं लाकूड पांढरट. मी लांब जाऊन बघितलं. काळ्याकुट्ट पार्श्वभूमीवर पांढरं स्वस्तिक. आधी ते आईने काढलेलं तरी दिसत होतं, लाल, घरगुती. आता ते छापल्यासारखं दिसायला लागलं होतं.

बायको येऊन बघून गेली. "वा," म्हणाली. "आता अंधारातही दिसेल."

गुरुवारी खोका मांडीवर घेऊन मी पुन्हा नौपाड्यात. मालकांनी खोका उघडला, आत बघितलं, कानावरचं पेन काढून परत लावलं आणि न बोलता पाटीकडे बोट दाखवलं.

"पण कुंकू नाहीये यावर," मी म्हणालो.

"साहेब, कुंकू असतं तर पुसून तरी टाकलं असतं. तुम्ही कोरलंय की!"

मग मी त्यांना खरं कारण सांगितलं. त्यांनी दार लावून घेतलं, जणू बाहेर जर्मन उभे आहेत. थोडा विचार करून म्हणाले, "खोपटला जा. एसटी डेपोच्या मागच्या गल्लीत एक पेंटर बसतो. रिक्षा, ट्रक, नंबरप्लेट, सगळं करतो. वरून काळा मारून देईल."

खोपटचा पेंटर एका रिक्षाच्या मागे मोर काढत होता. त्याने मोराचा डोळा पुरा केला, ब्रश रॉकेलमध्ये बुडवला आणि म्हणाला, "बोला साहेब. काळा ना? चमकवाला की सुका?"

"सुका," मी म्हणालो आणि खोका उघडला.

त्याने आत वाकून बघितलं. मग पायातल्या चपला बाजूला काढल्या आणि हात जोडले.

"साहेब, दुसरं काय पण सांगा. देवाच्या निशाणीवर काळा मारायला नका सांगू. पुढच्या महिन्यात पोरीचं लगीन आहे माझ्या."

"अहो, मीच आधी पुसलंय ते. पाप माझं. तुम्ही फक्त रंग द्या."

"तुमचं पाप तुमच्याकडं राहू द्या ना मग. माझ्याकडं कशाला घेऊन आलात?"

"बरं, मग डबा द्या. मी मारतो."

त्याने काळ्या रंगाच्या डब्यावर झाकण ठेवलं आणि वरून हाताने ठोकून बसवलं. "डबा पण नाही द्यायचा या कामाला."

आजूबाजूला दोन रिक्षावाले जमले होते. त्यातला एक खोक्यात डोकावला आणि मला म्हणाला, "चांगला माणूस दिसताय हो तुम्ही." त्याच्या स्वरात एवढं दुःख होतं की मी खोका उचलला आणि निघालो. रंगाची दुकानं ठाण्यात काय कमी आहेत? पण मला एकाही दुकानात शिरायचा धीर झाला नाही. आपण काय करतोय हे त्या पेंटरने बघितलं होतं, आणि त्यामुळे मीही बघितलं होतं.

घरी आलो तर आई दारातच बसली होती, खुर्ची टाकून. मांडीवर जपमाळ, पण ती फिरत नव्हती.

"खोका कुठे फिरवून आणलास?"

"सर्व्हिसिंगला."

"नव्या वस्तूचं सर्व्हिसिंग?"

मी बायकोकडे बघितलं. बायको भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

"ठेव इथे. उघड," आई म्हणाली.

मी उघडला. तिने चष्मा लावला, वाकली, आणि त्या पांढऱ्या रेघांवरून बोट फिरवलं. उभी, आडवी, मग पाय. बराच वेळ. बाहेर कोणाचातरी कुकर तीनदा वाजला.

"पुसलंस," ती म्हणाली.

हा प्रश्न नव्हता, त्यामुळे उत्तर द्यायची गरज नव्हती. पण मी असा फुटलो की काही विचारू नका. शिकवणाऱ्या बाई, महायुद्ध, विमानतळ, व्हिसा, नेलपॉलिश, नौपाडा, खोपट, पेंटरच्या मुलीचं लग्न, सगळं एका दमात. मधेच कधीतरी मी जमिनीवर बसलो होतो. आई ऐकत होती. माझा श्वास संपला तेव्हा तिने चष्मा काढला.

"मला वाटलं, तुला लाज वाटली," ती म्हणाली. "कालच बघितलं मी. रंगाचा वास येत होता घरात. म्हटलं, तिकडच्या गोऱ्या लोकांपुढे आपलं काही नको असेल ह्याला. म्हणून जाताना पुसून चाललाय."

म्हणजे आदल्या दिवसापासून तीही घाबरलेलीच होती. एका घरात दोन माणसं एकाच ठोकळ्याला घाबरून बसली होती आणि ही तिसरी कॅलेंडर बघत होती.

"लाज नाही गं आई. भीती."

"भीती तुला जन्मापासून आहे. त्याचं काही नाही." तिने पुन्हा रेघांवर हात ठेवला. "किती माणसं मेली म्हणालास, याच्याखाली?"

"मोजदाद नाही. बायका, मुलं, सगळी."

आई म्हणाली, "ज्या घरात माणूस गेलंय तिथे आपण दारात रांगोळी काढतो का?"

"नाही."

"स्वस्तिक काढतो?"

"नाही."

"मग? त्यांचं सुतक अजून फिटलेलं नाही, एवढंच ना? हे मला सरळ सांगितलं असतंस तर मला कळलं नसतं?" ती खुर्चीतून उठली. "त्यांच्या घरात असं झालंय आणि मी दोन हात देऊन पाठवते. मलाच कोणी सांगितलं नाही. आण ती डबी."

मी डबी आणली. ती पाटावर बसली, वूफर समोर ओढला. ब्रश नव्हता, माचिसच्या काडीला कापूस गुंडाळून घेतला. मला वाटलं, आता सगळ्यावर लाल फासते. पण तिने आधी त्या जुन्या रेघाच गिरवल्या, सावकाश, पुन्हा लाल केल्या. मग तिने एका पायाचं टोक धरलं आणि रेघ तिथून वळवून शेजारचा पाय जिथे सुरू होतो तिथे नेऊन भिडवली. मग दुसरी. मग तिसरी. चौथ्या रेघेला हात जास्त थरथरला, मी पुढे झालो, तर म्हणाली, "लांब हो."

चौथी रेघ जुळली. चौकट पुरी झाली. आत उभी आणि आडवी रेघ, चार खणांत चार ठिपके.

मी वाकून बघितलं, बाजूने बघितलं, लांबून बघितलं. स्वस्तिक कुठेच नव्हतं.

"खिडकी," बायको म्हणाली. पहिल्यांदाच काहीतरी उपयोगाचं.

"झाली ना?" आई म्हणाली. तिने अक्षता टाकल्या आणि वूफरला हळूच म्हणाली, "नीट जा गं बाई." आणि मग, इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, तिने डोळ्याला पदर लावला. मला वाटलं, मी खूप घाबरेन. पण तिच्या शेजारी बसून राहिलो, तर तेवढी भीती वाटली नाही.

विमानात मला नवीन भीतीने घेरलं. त्या खिडकीखाली काय आहे ते मला माहीत होतं. त्या लोकांना असल्या गोष्टी ओळखायची सवय असेल. एखादं यंत्र असेल.

"ऐका," बायको जेवणाचा ट्रे उघडता उघडता म्हणाली. "त्या बाई पुढे म्हणाल्या होत्या की देवाधर्माचं असेल तर तिकडे अडवत नाहीत."

"कधी?"

"तेव्हाच. 'पण'च्या पुढे."

"मग मला सांगायचं नाही?"

"दोनदा सांगितलं. एकदा तुम्ही कापसाच्या काड्या शोधत होता आणि एकदा देवघराचा पडदा ओढत होता." तिने पावाला लोणी लावलं. "आणि सांगितलं तरी काय? हे देवाधर्माचं आहे, हे त्या साहेबाला तुमच्या जर्मनमध्ये समजावणार होता की माझ्या?"

माझं जर्मन म्हणजे वीस-बावीस शब्द, त्यातले निम्मे स्क्रूचे प्रकार.

विमानतळावर दोन वाटा होत्या. काही दाखवायचं नसेल त्यांच्यासाठी हिरवी, असेल त्यांच्यासाठी लाल. नवीन वस्तू आणली होती, बिल खिशात होतं, आणि माझ्यासारख्या माणसाचे पाय आपोआप लाल वाटेकडेच वळतात. तिथे टेबलापलीकडे एक अधिकारी उभा होता. स्वप्नातल्यासारखा उंच नव्हता, बुटका होता, आणि त्याला सर्दी झालेली होती. त्याने बिल बघितलं. साउंडबार बघितला. मग वूफरच्या खोक्याची चिकटपट्टी सुरीने कापली.

थर्मोकोल निघाला. माझी पँट गुडघ्याखाली हलली, आणि यावेळी वूफर बंद होता.

त्याने वूफर अर्धा बाहेर काढला आणि थांबला. मान तिरकी केली. बोट ठेवलं. वरच्या रेघेवरून उजवीकडे गेला, खाली आला, डावीकडे गेला. चौथ्या रेघेवर, जिथे आईचा हात जास्त थरथरला होता, तिथे त्याचं बोटही जरा वळलं. बायकोने माझा दंड धरला. म्हणजे तीही घाबरली होती. तिच्या हकिकतीत ती हे कधीच सांगत नाही.

अधिकाऱ्याने वर बघितलं, नाक पुसलं आणि हाताने जमिनीपासून तीन फूट उंची दाखवत इंग्रजीत विचारलं, "लहान मुलाने काढलंय?"

"नाही," मी म्हणालो. "आईने."

"आई," तो म्हणाला. त्याने पुन्हा एकदा खिडकीकडे बघितलं, वूफर सावकाश आत ठेवला, थर्मोकोल नीट बसवला आणि स्वतःच्या हाताने वरून नवी पट्टी चिकटवली. कर भरायचा होता, तो भरला. झालं.

बाहेर बाकावर बसून मी कल्याणला फोन लावला. आईनेच उचलला. म्हणजे फोन तिच्या हातातच होता.

"गेलं का आत?"

"गेलं."

"उघडून बघितलं?"

"बघितलं. बोट फिरवून बघितलं."

"काय म्हणाला?"

"लहान मुलाने काढलंय का, असं विचारलं."

मागे बहिणीच्या घरातला मिक्सर चालू होता. तो थांबेपर्यंत आई बोलली नाही. मला वाटलं, तिला वाईट वाटलं. रेघांच्या बाबतीत ती फार हळवी आहे.

"मग तू काय सांगितलंस?"

"आईने काढलंय म्हटलं."

"वय सांगितलंस?"

"नाही गं."

"बरं केलंस," आई म्हणाली.